संच परत पाठवण्यापूर्वी : समांतर पट्ट्यांचा कपॅसिटर आणि साधा मल्टिमीटर

आमच्या समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटर (प्रभार साठवणारे साधन) संचाविषयी येणाऱ्या बहुतेक तक्रारींचा सूर एकच असतो : बॅटरी काढताच विभवांतर शून्य होते, म्हणजे पट्ट्या प्रभार धरत नाहीत. परत आलेले असे संच आम्ही तपासतो तेव्हा ते जवळजवळ नेहमीच निर्दोष निघतात. चूक होते ती पट्ट्यांना थेट मल्टिमीटर जोडण्यात, आणि त्यापायी आपले प्रात्यक्षिक विनाकारण लांबणीवर पडते.

संचातील पट्ट्या 20 सेंमी बाजूच्या चौरसाकृती आहेत. त्यांच्यात 3 मिमी अंतर ठेवल्यास धारिता, म्हणजे दर व्होल्टला प्रभार साठवण्याची क्षमता, सुमारे 118 पिकोफॅरड येते आणि 12 व्होल्टला त्यांच्यावर जेमतेम 1.4 नॅनोकूलोम प्रभार साठतो. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारणतः 10 मेगाओहम असतो; त्यामुळे रोध आणि धारिता यांचा गुणाकार, म्हणजेच कालस्थिरांक (प्रभार सुमारे 37 टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ), 1.2 मिलिसेकंदांच्या आसपास भरतो. पडद्यावर आकडा उमटण्याआधीच सगळा प्रभार मीटरमधून वाहून गेलेला असतो. हाच मीटर 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला लावला तर कालस्थिरांक 10,000 सेकंद होतो, म्हणून तेथे ही अडचण कोणाच्या लक्षातही येत नाही.

पट्ट्या आणखी जवळ का आणत नाही, असेही विचारले जाते. अंतर 1 मिमी केले तरी धारिता तिप्पटच होते, कालस्थिरांक 3.5 मिलिसेकंदांवर थांबतो आणि मध्ये प्रयोगातील 2 मिमी जाडीची काच सरकवायला जागा उरत नाही. म्हणूनच आम्ही संचाबरोबर बफर देतो, म्हणजे पट्ट्यांवरचा प्रभार जवळजवळ न ओढता त्यांचे विभवांतर मीटरला पोहोचवणारे मंडल. त्याचा निवेश रोध 10 लाख मेगाओहमच्या घरात असल्याने कालस्थिरांक दोनेक मिनिटांचा होतो आणि वाचन घेण्यापुरता प्रभार टिकतो. पट्ट्या बफरला आणि बफर मीटरला, हा जोडणीचा क्रम कृपया बदलू नये.

दुसरी शंका काचेची. बॅटरी काढून 2 मिमी जाडीची काच आत सरकवल्यावर 12 व्होल्टचे 2.4 व्होल्ट व्हायला हवेत, असा हिशेब विद्यार्थी काचेचा पराविद्युतांक (पट्ट्यांमधली सगळी जागा त्या पदार्थाने भरल्यास धारिता किती पट होते तो आकडा) 5 धरून मांडतात. पण मीटरवर 5.6 च्या जवळपास आकडा दिसतो, आणि तोच बरोबर आहे. उरलेल्या 1 मिमी हवेमुळे हवेच्या हिशेबातले परिणामी अंतर 1 अधिक 2 भागिले 5, म्हणजे 1.4 मिमी होते. धारिता पाचपट न होता 2.14 पट होते. शिक्षकांनी हे गणित आधी फळ्यावर करून घ्यावे आणि मग काच सरकवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सूत्र मीटरवर उतरलेले पाहण्याचा आनंद मुलांना त्यातच मिळतो. बॅटरी जोडलेलीच राहिली तर विभवांतर 12 व्होल्टच राहील आणि प्रभार वाढेल, तेव्हा बॅटरीची वायर निघाली आहे ना, हे आधी पाहावे.

काच पट्टीवर घासू नये, कारण घर्षणाने तिच्यावर आलेला प्रभार वाचन बिघडवतो. पट्ट्यांचे प्लास्टिकचे आधारखांब हाताने धरू नयेत. घामाच्या थरातून प्रभार गळतो, आणि दमट हवेत तर हे खांब कोरड्या कापडाने पुसूनच सुरुवात करावी.

ज्यांच्याकडे बफर नसलेला जुना संच आहे, त्यांना नवा संच घेण्याची गरज नाही. बफर आम्ही सुटाही देतो आणि तो जुन्या पट्ट्यांना तसाच जोडता येतो.