जलकीटकाचा जीनोम : वाचन आणि जुळणी

एखाद्या जीवाच्या पेशीतला संपूर्ण डीएनए म्हणजे त्याचा जीनोम. एक अख्खे गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वाचणारे यंत्र अजून नाही. म्हणून डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचतात (सिक्वेन्सिंग) आणि तुकड्यांमधला सामाईक मजकूर जुळवत गुणसूत्रे पुन्हा उभी करतात (असेंब्ली, जुळणी).

सह्याद्रीतून उतरणारे व्हाळ (ओढे) आणि म्हादई, झुवारी यांच्या उपनद्या ही गोव्यातल्या जलकीटकांची घरे. चतुर, त्यांचे सडपातळ भाईबंद टाचण्या आणि मेफ्लाय हे नाजूक पंखांचे कीटक, यांची अर्भकावस्था पाण्यातच जाते. इडिओनिक्स गोमंतकेन्सिस या चतुराची नोंद २०१३ साली गोव्यातूनच झाली. त्याच्या नावातच गोमंतक आहे.

जुळणीचे बरेचसे भवितव्य व्हाळाच्या काठावरच ठरते. अभयारण्यातून नमुना घ्यायचा तर आधी वनखात्याची परवानगी लागते. कीटक जिवंत आणून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो; गोव्याच्या दमट उकाड्यात मेल्यावर काही तास तसाच राहिला तर लांब डीएनए तुटतो आणि पुढे कितीही महागडे यंत्र वापरले तरी तो सांधत नाही. चतुराचे अर्भक शिकारी असते, त्यामुळे त्याच्या आतड्यात भक्ष्याचा डीएनए सापडतो. आतडे वगळून प्रौढाच्या छातीचे स्नायू घेणे केव्हाही चांगले. तरीही जिवाणूंचे तुकडे मिसळतातच. ते जुळणीनंतर गाळून काढावे लागतात.

अचूक लांब वाचनात एकेक तुकडा डीएनएच्या १५ ते २० हजार अक्षरांचा (ए, सी, जी, टी) मिळतो. तो पुनरावृत्त (तोच मजकूर पुन्हा पुन्हा येणारे) भाग ओलांडून जातो, हा त्याचा मोठा फायदा, कारण जीनोम फुगतो तो मुख्यतः अशाच भागांनी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला क्लोइऑन डिप्टेरम या मेफ्लायचा जीनोम सुमारे १८ कोटी अक्षरांचा आहे, तर २०१७ मधला कॅलॉप्टेरिक्स स्प्लेंडेन्स या टाचणीचा सुमारे १६० कोटींचा. जोडलेले तुकडे गुणसूत्रावर क्रमाने लावायला हाय-सी पद्धत वापरतात: पेशीकेंद्रात जे भाग वारंवार एकमेकांजवळ येतात, ते बहुधा एकाच गुणसूत्राचे असतात. बहुतेक चतुरांच्या नरात एकच एक्स गुणसूत्र असते, वाय नसतेच. त्यामुळे नराचा नमुना घेतला तर एक्सवरची वाचने इतर गुणसूत्रांच्या निम्मी भरतात आणि एक्स ओळखता येते. जुळणी किती पूर्ण झाली हे पाहायला कीटकांत सर्वत्र आढळणाऱ्या १,३६७ जनुकांची बुस्को यादी ताडून बघतात.

नुसती जात ओळखायला एका जनुकाचा छोटा तुकडाही बहुधा पुरतो. पूर्ण जीनोमचे मोल वेगळे आहे. रानातल्या कीटकाच्या आईकडच्या आणि बापाकडच्या प्रतींत बराच फरक असतो. जुळणी करताना तो छळतो, एकच भाग दोनदा मोजला जातो. पण नंतर याच फरकावरून, अवघ्या एका चतुरावरून, त्याच्या पूर्वजांची संख्या हजारो वर्षांत कशी वाढली-घटली याचा अंदाज बांधता येतो.