नळदुर्गचा पूल ओलांडणारे जनरल चौधरी आले कुठून?

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन जवळ आला की आपल्याकडे पोलीस ॲक्शन (१९४८ ची निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई), नळदुर्ग, जनरल चौधरी ही नावं परत निघतात. शाळेत आम्हाला एवढंच सांगितलेलं की चौधरींनी सोलापूरहून रणगाडे नेले आणि निजाम शरण आला, बास. त्याच्या आधीचं काही नाहीच.

जयंतनाथ चौधरी, बंगाली, जन्म १९०८, आर्मीतलं टोपणनाव मुच्छू. १९२८ ला सँडहर्स्टमधून (इंग्लंडचं लष्करी अधिकारी घडवणारं कॉलेज) पास झाले आणि पुढे ७व्या लाइट कॅव्हलरीत, म्हणजे घोडदळात आले. हीच रेजिमेंट का, तर इंग्रजांनी १९२३ मध्ये इंडियनायझेशन म्हणून फक्त आठ युनिट्स ठरवली होती, घोडदळाची त्यात दोनच, सातवी आणि सोळावी (पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पण एक बटालियन होती), नवे हिंदी अधिकारी तिथेच टाकायचे म्हणजे गोऱ्या साहेबावर नेटिवाच्या हाताखाली राहायची वेळ नको. नाव काहीही द्या, वाळीत टाकणंच होतं ते.

मग महायुद्ध आलं, घोडे जाऊन चिलखती गाड्या आल्या, ऑफिसर कमी पडायला लागले आणि असली सोवळी पाळणं परवडेना. चौधरी आधी ५व्या इंडियन डिव्हिजनच्या स्टाफवर आफ्रिकेत, मग क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात शिकवायला, आणि मग १६व्या लाइट कॅव्हलरीचे कमांडर म्हणून ब्रह्मदेशात. म्हणजे वाळीतल्या दोन्ही रेजिमेंटी झाल्या!

१९४८ ला हाताशी आख्खी १ली आर्मर्ड (रणगाड्यांची) डिव्हिजन. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून आत शिरले, पहिलं काम बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल उडवला जायच्या आत ताब्यात घेणं, आणि तो मिळाला. (आपण तिथे जातो ते पाणीमहालाचा धबधबा बघायला, पुलाकडे कोण बघतं.) १८ तारखेला निजामाचे सेनापती अल इद्रूस त्यांच्यापुढे शरण आले आणि चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. याच दिवसांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे, ते मात्र १७ सप्टेंबरच्या भाषणात कोणी काढत नाही.

पुढे पुण्याला सदर्न कमांड, डिसेंबर १९६१ ची गोव्याची मोहीम त्यांच्याच कमांडखाली. नोव्हेंबर १९६२ ला चीनकडून मार खाल्ल्यावर लष्करप्रमुख थापर पायउतार झाले, चौधरी लष्करप्रमुख, आणि त्याच आठवड्यात यशवंतराव संरक्षणमंत्री.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धात सियालकोट सेक्टरला परत तीच १ली आर्मर्ड डिव्हिजन, आणि तिच्यात पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडर अर्देशीर तारापोर, फिल्लोरा-चविंडात लढून गेले, परमवीर चक्र. तारापोर मूळचे कुठले, तर निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधले.