बार्कले द तोली : माघारीचा धनी

1812 साली रशियाने नेपोलियनला परतवले, त्याचे श्रेय सहसा रशियन सरसेनापती कुतुझोव यांच्या खाती जमा होते. फ्रेंच सैन्य ज्या माघारीमुळे रशियाच्या पोटात खोलवर ओढले गेले, ती मात्र कुतुझोव आघाडीवर पोहोचण्यापूर्वीच दोन महिने चालू होती. ती चालवणारे सेनापती मिखाईल बार्कले द तोली यांना त्या काळात रशियन उमरावांकडून भित्रेपणापासून फितुरीपर्यंतचे सर्व आरोप ऐकून घ्यावे लागले.

बार्कले घराणे मूळचे स्कॉटलंडचे. त्याची एक शाखा सतराव्या शतकात बाल्टिक किनाऱ्यावरील रीगा येथे स्थायिक झाली आणि मिखाईल यांचे आजोबा त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. पीटर द ग्रेटच्या सैन्याने रीगा 1710 मध्येच जिंकले होते आणि वडीलही रशियन सैन्यात अधिकारी होते. त्यामुळे 1761 मध्ये जन्मलेल्या मिखाईल यांना परदेशी म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते. पण घरात जर्मन बोलली जाई आणि पंथ ल्युथरन होता, एवढ्यावरून पूर्वज स्कॉट असूनही लोकांनी त्यांना कायमचे ‘जर्मन’ ठरवून टाकले.

दरबारात वशिला नव्हता आणि पाठीशी मोठी जहागीरही नव्हती. 1776 मध्ये लष्करात दाखल झालेल्या बार्कले यांना तुर्क, स्वीडिश आणि पोलिश मोहिमांत लढूनही कर्नल होण्यासाठी 1798 उजाडावे लागले. फेब्रुवारी 1807 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या आयलाऊच्या लढाईत त्यांच्या उजव्या हाताला गंभीर जखम झाली. मेमेल येथे उपचार चालू असताना झार अलेक्झांडर त्यांना भेटायला आले आणि तेथून त्यांचे नशीब पालटले.

मार्च 1809 मध्ये स्वीडनविरुद्धच्या युद्धात त्यांनी सुमारे तीन हजार सैनिकांसह बोथनियाचे गोठलेले आखात पायी ओलांडले. वादळांनी फोडलेला बर्फ जागोजागी उंच ढिगांसारखा साचून पुन्हा गोठला होता. त्यातून वाट काढत आणि उघड्या बर्फावर रात्र काढत ही तुकडी पलीकडच्या किनाऱ्यावरील उमेओ शहरात पोहोचली. त्याच महिन्यात अनेक ज्येष्ठांना डावलून त्यांना पायदळाचे जनरल हे पद देण्यात आले. पुढे 1812 मध्ये जो रोष उफाळला त्याची मुळे माझ्या मते या बढतीतही आहेत. परकेपणाचा मुद्दा सोयीचा होता, म्हणून तो पुढे करण्यात आला.

जानेवारी 1810 मध्ये ते युद्धमंत्री झाले. नेपोलियनशी युद्ध अटळ आहे हे धरून त्यांनी सैन्य वाढवले, परदेशी राजधान्यांतून लष्करी माहिती मिळवण्याची व्यवस्था लावली आणि पश्चिम सरहद्दीच्या संरक्षणाचा आराखडा झारपुढे ठेवला.

24 जून 1812 रोजी नेपोलियनने रशियाच्या सरहद्दीवरील नेमन नदी ओलांडली तेव्हा त्याच्या फौजेची संख्या चार लाखांहून अधिक होती. बार्कले यांच्या पहिल्या सैन्यात सुमारे एक लाख वीस हजार आणि सेनापती बाग्रातिओन यांच्या दुसऱ्या सैन्यात पन्नास हजारांच्या आत माणसे होती, शिवाय दोन्ही सैन्ये एकमेकांपासून दूर होती. अशा वेळी सरहद्दीवर लढाई देणे म्हणजे एकेक सैन्य शत्रूच्या हवाली करणे होते. बार्कले मागे सरकत राहिले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला स्मोलेन्स्कपाशी दोन्ही सैन्ये एकत्र आली. तेथे दोन दिवस निकराची झुंज दिल्यानंतर त्यांनी जळते शहर सोडले. तेथील मातामेरीची पूजनीय प्रतिमाही सैनिकांनी सोबत घेतली. संतापलेल्या बाग्रातिओन यांनी मुख्य तळ जर्मनांनी भरला असून तेथे रशियन माणसाला जगणे अशक्य झाल्याची तक्रार पत्रातून केली. हे बाग्रातिओन स्वतः जॉर्जियाच्या राजघराण्यातले होते!

अखेर झारने कुतुझोव यांना सरसेनापती नेमले, आणि त्यांनीही आधी माघारच चालू ठेवली. 7 सप्टेंबरच्या बोरोदिनोच्या लढाईत बार्कले यांनी मध्य आणि उजवी बाजू सांभाळली. त्यांच्याखालची अनेक घोडी मारली गेली, ते मात्र बचावले. 13 सप्टेंबरला मॉस्कोजवळच्या फिली गावातील एका शेतकऱ्याच्या झोपडीत सेनानींची बैठक भरली. तेथे मॉस्कोसाठी लढावे असा आग्रह धरणारे जनरल बेनिग्सेन हॅनोव्हरचे, म्हणजे खरेखुरे जर्मन होते. सैन्य वाचवायचे तर शहर सोडावे लागेल, असे बार्कले यांनी स्पष्ट सांगितले आणि कुतुझोव यांचा निर्णयही तोच झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच बार्कले आजारपणामुळे सैन्यातून निघून गेले.

1813 मध्ये ते परतले. मे महिन्यातील बाउत्सेनच्या पराभवानंतर रशिया-प्रशियाच्या संयुक्त सैन्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. कुल्मच्या विजयाबद्दल त्यांना सेंट जॉर्ज पदकाचा पहिला वर्ग मिळाला आणि 1814 मध्ये पॅरिस पडल्यावर ते फील्ड मार्शल झाले. 1818 मध्ये प्रकृतीसाठी जर्मनीकडे जात असताना वाटेतच त्यांचे निधन झाले. पुश्किनने 1835 मध्ये त्यांच्यावर कविता लिहिली तेव्हा कुतुझोव यांच्या आप्तांपैकी काहींना ती खटकली. 1837 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथेड्रलसमोर दोघांचेही पुतळे उभारण्यात आले. ते घडवणारा शिल्पकार ओर्लोव्स्की एकच होता.