थॅलेट्सची बेरीज : गटात कोण, हे कसं ठरलं

प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांच्या एकत्रित धोक्याचा विषय निघाला की गाडी 'एकत्रित' या शब्दापाशीच अडते. मराठीत आपण हा एकच शब्द दोन वेगळ्या बेरजांसाठी वापरतो. एकच रसायन अन्नातून, घरातल्या धुळीतून, त्वचेवाटे, श्वासातून शरीरात येतं; त्या सगळ्या वाटांची बेरीज ही पहिली. वेगवेगळी रसायनं शरीरात पोचून एकच इजा करतात. त्यांची बेरीज ही दुसरी. नियमांच्या भाषेत पहिलीला अ‍ॅग्रिगेट आणि दुसरीला क्युम्युलेटिव्ह म्हणतात. पहिलीबद्दल फारसं दुमत नाही. गेल्या दोन दशकांतलं भांडण दुसरीवरून आहे, आणि त्याचं मूळ एका साध्या प्रश्नात आहे: एका गटात कोणाकोणाला बसवायचं?

जुना इतिहास थोडक्यात. पीव्हीसी मऊ करण्यासाठी डीईएचपी हे थॅलेट 1930च्या दशकापासून वापरात आहे. 1970 साली ते पीव्हीसीच्या पिशव्यांत साठवलेल्या रक्तात उतरलेलं सापडलं. 1982 मध्ये उंदरांच्या यकृतात त्यामुळे गाठी होतात असं दिसलं आणि पुढची बरीच वर्षं कर्करोगाच्या चर्चेत गेली. या सगळ्या काळात प्रत्येक रसायनाची फाईल वेगळी, मर्यादाही वेगळी.

चित्र पालटलं ते लघवीच्या तपासणीने. थॅलेट्स शरीरात टिकत नाहीत. काही तासांत त्यांचं विघटन होऊन ती लघवीवाटे बाहेर पडतात. मूळ थॅलेट मोजायला गेलं तर प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकमुळेच आकडा फुगायचा. विघटनातून तयार झालेले पदार्थ मोजायला लागल्यावर ही अडचण बरीचशी संपली, आणि 2000 नंतर स्पष्ट झालं की जवळपास प्रत्येकाच्या नमुन्यात एक नव्हे, अनेक थॅलेट्सच्या खुणा आहेत. सगळ्या वाटांनी आलेली, सगळी रसायनं, एकाच बाटलीत. त्यानंतर प्रत्येकाचा हिशोब सुटा ठेवण्याचं समर्थन करणं कठीण होतं.

2008 साली दोन गोष्टी घडल्या. गाभण उंदरांना पाच थॅलेट्सचं मिश्रण दिलेल्या एका प्रयोगात नर गर्भातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक जेवढं घटलं, ते मात्रांच्या बेरजेच्या अंदाजाशी जुळलं. त्याच वर्षी एका अमेरिकी तज्ज्ञ समितीने सांगितलं की पेशीत नेमकी कोणती कळ दाबली जाते यावरून गट पाडू नका, शेवटी इजा कोणती होते ते पाहा. हा सल्ला मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. कीटकनाशकांच्या बाबतीत 1996च्या अमेरिकी कायद्यापासून 'समान यंत्रणा' ही अट होती, आणि यंत्रणा पूर्ण सिद्ध होईपर्यंत बेरीज थांबून राहायची. समिती आणखी पुढे गेली: पुरुष संप्रेरकांच्या कामात अडथळा आणणारी थॅलेटबाहेरची रसायनंही याच बेरजेत घ्या, असं तिने म्हटलं. नियमनाची गाडी मात्र बहुतांशी थॅलेट्सपाशीच थांबली.

युरोपात ही कसोटी डेन्मार्कने घेतली. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी या चार थॅलेट्सवर एकत्र निर्बंध घाला, असा प्रस्ताव त्याने 2011 मध्ये मांडला. 2012 मध्ये वैज्ञानिक समितीने तो पुरेसा सिद्ध होत नसल्याचं सांगितलं. लोकांच्या शरीरातलं प्रमाण घटतं आहे, हे एक कारण होतं. डेन्मार्कने देशापुरती बंदी जाहीर केली आणि 2014 मध्ये मागे घेतली. 2016 मध्ये प्रस्ताव पुन्हा आला, 2018 मध्ये मंजूर झाला आणि 7 जुलै 2020 पासून लागू झाला. मर्यादा 0.1 टक्का, तीही चौघांची मिळून. सात वर्षांनी नियमाच्या मजकुरातच बेरीज आली.

सर्वांत गुंतागुंतीचा निर्णय 2019चा. युरोपच्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी यांच्यासाठी मिळून एकच मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 50 मायक्रोग्रॅम, तीही तात्पुरती. बेरजेत प्रत्येकाची मात्रा त्याच्या ताकदीप्रमाणे ठरलेल्या वजनाने गुणायची: डीईएचपीचं वजन 1 धरलं, डीबीपीचं 5, डीआयएनपीचं 0.3, बीबीपीचं 0.1. समजा, एखाद्याच्या पोटात दर किलोमागे डीईएचपी 4, डीबीपी 2, डीआयएनपी 10 आणि बीबीपी 1 मायक्रोग्रॅम गेलं. हिशोब होतो 4 अधिक 10 अधिक 3 अधिक 0.1, म्हणजे 17.1. यातला निम्म्याहून जास्त वाटा अवघ्या 2 मायक्रोग्रॅम डीबीपीचा.

डीआयएनपीचा समावेश सर्वांत जास्त टोचला. ते टेस्टोस्टेरॉन घटवतं, पण कमी जोमाने. त्याची 2005ची मर्यादा यकृतावरच्या परिणामावरून ठरली होती. नुसत्या प्रजननावरच्या परिणामावरून त्याचं वजन 0.1च्या आसपास येत होतं. यकृताचंही रक्षण व्हावं म्हणून 3.3चा जादा गुणक लावून ते 0.3 केलं. एका इजेच्या बेरजेत दुसऱ्या इजेची काळजी मिसळली, हा आक्षेप खरा आहे. तरी ते बाहेर ठेवलं असतं तर बेरीज खोटी पडली असती, म्हणून मला तो निर्णय पटतो. डीआयडीपी हे आणखी एक थॅलेट टेस्टोस्टेरॉन घटवत नाही, म्हणून त्याची 150 मायक्रोग्रॅमची मर्यादा वेगळीच राहिली.

न पटणारी गोष्ट डीआयबीपीची. गर्भावर त्याचा परिणाम डीबीपीसारखाच होतो, आणि डेन्मार्कच्या चौघांत ते होतं. पण अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये वापरायला परवानगी असलेल्या पाच थॅलेट्सचाच आढावा तज्ज्ञांकडे सोपवलेला होता, आणि डीआयबीपीला तशी परवानगीच नव्हती. त्यामुळे ते अन्नात सापडत असूनही गटाबाहेर राहिलं. गटाची सीमा इथे विषशास्त्राने नव्हे, परवान्यांच्या यादीने आखली.

अमेरिकेने 2023 मध्ये रसायन कायद्याखाली एकत्रित मूल्यमापनाच्या पद्धतीचा मसुदा काढला, त्यात सहा थॅलेट्स होती: युरोपच्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांची चार, शिवाय डीआयबीपी आणि डीसीएचपी.