भाजणे : प्रथमोपचार

उष्णता, वाफ, उकळते तेल, वीज किंवा तीव्र रसायन यांमुळे त्वचेला व खालच्या ऊतींना झालेल्या इजेवर वैद्यकीय मदत मिळेपर्यंत करावयाचे तातडीचे उपचार.

सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय १२) प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे दग्धाचे (भाजलेल्या जागेचे) चार प्रकार येतात. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत सांगितला जातो. ती अनेक हातांतून संस्कारित झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अध्याय मुळात अग्निकर्माचा, म्हणजे डागण्याच्या शस्त्रक्रियेचा असल्याने ही प्रतवारी केवळ त्यापुरती मानण्याकडे कल होऊ शकतो. तथापि ‘इतरथा दग्ध’ (अन्य प्रकारे भाजलेले) या प्रास्ताविकावरून अपघाती भाजणेही अभिप्रेत दिसते. फोड न येता रंग पालटलेल्या प्लुष्टावर तेथे शेक व उष्ण औषध सांगितले आहे, कारण थंड पाण्याने रक्त गोठते अशी धारणा होती. फोड आलेल्या दुर्दग्धावर मात्र तुपाचा लेप व सेक (द्रव शिंपडणे) थंडच हवेत, असे म्हटले आहे.

आजचा वैद्यकीय निर्णय पाण्याच्या बाजूने स्पष्ट आहे. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. ३ तासांच्या आत केले तरी उपयोग होतो. चहाचे आधण हातावर सांडलेले मूल दोन मिनिटांत रडायचे थांबते आणि हात पाण्यातून काढला जातो. त्वचेखालची उष्णता तोवर उतरलेली नसते, म्हणून घड्याळ पाहावे. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत. चिकटलेले कापड ओढू नये. बर्फाने रक्तवाहिन्या आकसून इजा वाढते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ, कोरड्या फडक्याने सैल झाकावे. तान्ह्या मुलाचे बाकीचे अंग उबदार ठेवावे.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का. मोठ्यांसाठी ‘नवाचा नियम’ (वॉलेस, १९५१), म्हणजे शरीराचे नऊ टक्क्यांच्या पटीत भाग कल्पून भाजलेले क्षेत्र मोजण्याची पद्धत, वापरतात. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजल्यास, आवाज घोगरा झाल्यास, थेट रुग्णालय गाठावे; महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक.

विजेच्या धक्क्यात आधी मेन स्विच बंद करावा. कोरडा चुना प्रथम झटकून मग भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात गेल्यास पाणी ओतत राहून तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.