बर्फ पडला की सायकल माळ्यावर?

‘तिकडे हिवाळ्यात गाडीशिवाय गत्यंतर नाही, सायकल तर विसराच,’ हे परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. फिनलंडमधलं ओउलू बघा. आर्क्टिक वृत्त तिथून 200 किलोमीटरही नाही, तरी पोरं उणे 15 अंशांतही सायकलनेच शाळा गाठतात. पहिली हिवाळी सायकल परिषद 2013 मध्ये भरली, तीही तिथेच.

खरी अडचण थंडीची नाहीच, रस्ते साफ होण्याची आहे. ओउलूत सायकलमार्गांवरचा बर्फ सकाळच्या गर्दीआधी हटवतात. कडक थंडीत दाबून बसलेला बर्फ चाकाखाली करकरतो, पण पकड देतो. घात होतो तो शून्याच्या आसपास, बर्फावर पाण्याचा पातळ थर आला की! तेव्हा खिळ्यांचे टायर हवेत. आणि स्वेटरवर स्वेटर चढवू नका; दहा मिनिटांत घामाघूम व्हाल.