ब्रिज नीट का बसत नाही: मापाची जुनी गोष्ट

संत्र्याच्या फोडीचा धागा दातांच्या ब्रिजखाली अडकला की नागपुरातला माणूस आधी काडी शोधतो, मग आरसा आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. 'नवीन आहे, बसेल हळूहळू' अशी समजूत तोवर घरच्यांनी घातलेली असते. बसत नाही. दोन्हीकडच्या दातांवर टोप्या आणि मधे खोटा दात, असं हे काम सिमेंटने पक्कं केलेलं असतं. टोपीची कड दाताला टेकते तिथे फट राहिली, तर तिथलं सिमेंट विरघळतं आणि आतला दात गुपचूप किडतो.

खोटा दात शेजाऱ्यांच्या आधाराने उभा करण्याची कल्पना फार जुनी आहे. इटलीतल्या एट्रुस्कन थडग्यांत सोन्याच्या पट्ट्यांनी बांधलेले दात सापडले आहेत; सर्वांत जुने इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचे. पण दातावर तंतोतंत बसणारी धातूची वस्तू करणं वेगळं. पत्रा वाकवून, डाग देऊन केलेल्या टोपीची कड सैलच राहायची. 1907 मध्ये अमेरिकेत विल्यम टॅगार्ट यांनी मेणाचा नमुना करून, तो जाळून, त्या पोकळीत सोनं ओतण्याची रीत दंतवैद्यांपुढे मांडली. मेणाच्या नमुन्यावरून पितळी मूर्ती ओतणाऱ्या बस्तरच्या ढोकरा कारागिरांना यात नवल वाटलं नसतं.

तीनच वर्षांनी, 1910 मध्ये, विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून खळबळ उडवली. सडलेल्या दातांवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज चढवणं म्हणजे पुवावर सोन्याची समाधी बांधणं, असा त्यांचा आरोप होता. राग रास्त होता, परिणाम भलताच झाला. तोंडातला जंतुसंसर्गच सगळ्या रोगांचं मूळ, या समजुतीने पुढे कित्येक वर्षं चांगले दातही सरसकट उपटले गेले.

आपल्याकडे दंतवैद्य कायदा आला 1948 मध्ये. पदवी नसलेल्या, पण आधीपासून याच धंद्यावर पोट असलेल्यांसाठी त्यात नोंदवहीचा वेगळा 'ब' भाग ठेवावा लागला. शिकलेले दंतवैद्य होतेच किती! नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, तरी इथलं शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं 1968 मध्ये. फूटपाथवर अ‍ॅक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) आणि तारेने तासाभरात 'पक्के दात' बसवून देण्याचा प्रकार देशभर फोफावला, तो अशाच पोकळीत. त्याखालची हिरडी मात्र कधीच साफ होत नाही.

फट किती चालते? 1971 मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी हजाराहून जास्त कामं पाच वर्षं पाहून 120 मायक्रॉनची मर्यादा सांगितली. म्हणजे साधारण केसाएवढी. आता बिघडण्याच्या जागा मोजा: तोंडातलं माप, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेण, धातू, पोर्सेलिन. अल्जिनेट या लगद्यात घेतलेलं माप कोरड्या हवेत पाणी सोडून आक्रसतं, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांची भट्टी. माप ओल्या कपड्यात न गुंडाळता स्कूटरच्या डिक्कीतून लॅबला गेलं, तर पुढे कारागीर कितीही हुशार असो! मधल्या काळात तात्पुरती टोपी घातली नाही तर दात किंचित सरकतात, तो घोळ आणखी निराळा.

चावताना फक्त उंच लागत असेल तर घासून जमतं. कडेला फट असेल तर ब्रिज काढून, नवीन माप घेऊन, नव्यानेच करावा लागतो. निघालेला ब्रिज घरच्या गोंदाने चिकटवू नये.

हल्ली काही दवाखान्यांत मापाऐवजी स्कॅनर फिरवतात, त्यामुळे माप आक्रसण्याची भानगड उरत नाही. पण वर्षानुवर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्यांच्या दाढेपर्यंत ना मापाचा ट्रे जातो, ना स्कॅनरचं टोक.